मोजलं, तपासलं, छापलं

1976 साली केपटाऊनमध्ये जॉन कूपर या पक्षिशास्त्रज्ञाने ‘कॉर्मोरंट’, म्हणजे पाणकावळा, या नावाचं एक लहानसं नियतकालिक सुरू केलं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ आणि त्याच्याही खालच्या वादळी बेटांवर समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आपल्या नोंदी छापण्यासाठी हक्काची जागा हवी होती. अमुक बेटावर यंदा किती घरटी होती, किती पिल्लं उडाली, किनाऱ्यावर किती मेलेले पक्षी सापडले, अशा त्या नोंदी. त्यांतून एखादा मोठा सिद्धान्त निघत नाही, त्यामुळे बड्या नियतकालिकांत त्यांना शिरकाव मिळणं अवघड असतं. पण वीस वर्षांनी कोणी पुन्हा त्या बेटावर गेलं, तर पक्षी वाढले की घटले हे ठरवायला तेवढा एकच आधार उरतो.

1990 मध्ये या नियतकालिकाने ‘मरीन ऑर्निथॉलॉजी’ हे नाव घेतलं. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, जपान, ब्रिटन, नेदरलँड्स इथल्या समुद्रपक्षी अभ्यासगटांच्या वतीने ‘पॅसिफिक सीबर्ड ग्रुप’ ही संस्था ते प्रसिद्ध करते. मागे कोणतीही प्रकाशन कंपनी नाही. ‘कॉर्मोरंट’च्या दिवसांपासूनचे लेख वाचायला पैसे पडत नाहीत. ही सोय वरवर वाटते तेवढी साधी नाही. अल्बट्रॉस दक्षिण अटलांटिकमधल्या बेटावर जन्मतो, ब्राझीलसमोर पोट भरतो आणि तिसऱ्याच देशाच्या बोटीच्या गळाला अडकून मरतो. त्याला वाचवायचं तर शोधनिबंध नामिबियाच्या मत्स्यखात्यातल्या अधिकाऱ्याच्याही हाती पडला पाहिजे. शेकडो डॉलर मोजून नियतकालिकं घेणं अशा कचेऱ्यांना परवडत नाही.

निबंध छापून येईपर्यंतचा रस्ता लांब असतो. पेट्रेल कुळातले बरेच पक्षी जमिनीत बिळं करतात आणि रात्रीच ये-जा करतात. दिवसा बेटावर उतरलेल्याला दिसतात ती फक्त भोकं. मग बिळं मोजायची, काही बिळांत खांद्यापर्यंत हात घालायचा किंवा तोंडाशी पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून आतून उत्तर येतं का ते ऐकायचं. आतला पक्षी गप्पच राहिला तर? अशा गप्प राहणाऱ्यांचं प्रमाण काढून हिशेब दुरुस्त करावा लागतो. हस्तलिखित संपादकाकडे गेलं की त्याच विषयातले दुसरे अभ्यासक, बहुधा एक पैसाही न घेता, नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवतात: किती बिळं तपासली, कोणत्या महिन्यात, आकड्यात चूक किती असू शकते? या उलटतपासणीमुळेच छापलेल्या आकड्यावर विसंबता येतं.

त्या आकड्याचं मोल पाहायचं तर ‘इनॅक्सेसिबल’ या बेटाकडे जावं. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा द्वीपसमूहातलं हे बेट नावाप्रमाणेच दुर्गम आहे. डोळ्यांभोवती चष्म्यासारखा पांढरा पट्टा असलेला स्पेक्टॅकल्ड पेट्रेल साऱ्या जगात फक्त इथे वीण करतो. माणसांनी सोडलेल्या डुकरांनी एके काळी त्याची बिळं उकरून तो जवळजवळ संपवला होता. डुकरं नाहीशी झाली, तरी लांब दोरीच्या गळांना पक्षी अडकून मरत होतेच, आणि हा पक्षी आता जाणार अशी भीती होती. पीटर रायन आणि कोलीन मोलोनी या अभ्यासकांनी तिथल्या मोजणीचा निबंध 2000 साली ‘मरीन ऑर्निथॉलॉजी’त छापला. पुढच्या मोजण्यांना तुलनेसाठी तो आधार मिळाला. 2009 च्या मोजणीत सुमारे 14,400 जोड्यांचा अंदाज निघाला. मधल्या काळात, 2007 मध्ये, या पक्ष्याचं नाव ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘असुरक्षित’ वर्गात घालण्यात आलं होतं. संरक्षणाच्या कामात अशी चांगली बातमी विरळा, आणि ती खात्रीने देता आली ती ओळीने छापलेल्या मोजण्यांमुळे.

त्याच समुद्रातल्या गॉफ बेटाची कथा दुःखाची आहे. ट्रिस्टन अल्बट्रॉसची जवळजवळ सगळी घरटी इथे आहेत. गलबतांबरोबर आलेले साधे घरउंदीर रात्री घरट्यावर चढून पिल्लाला जिवंतपणी कुरतडतात. पिल्लू त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी जड असतं, पण जमिनीवरचा शत्रू त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलाच नसल्यामुळे ते हलतही नाही. पिल्लांवरची ही आपत्ती आणि पक्ष्यांची घट 2004 नंतरच्या निबंधांतून पुढे येत गेली, तेव्हा कुठे उंदीर संपवण्याच्या मोहिमेला बळ आणि पैसा मिळाला. 2021 मध्ये हेलिकॉप्टरमधून बेटभर विषारी आमिष टाकलं गेलं. त्याच डिसेंबरात कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. मोहीम फसली होती, आणि करणाऱ्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर अशाच मोहिमेची तयारी करणाऱ्यांना या अपयशाचा तपशील यशाच्या बातमीहून जास्त उपयोगी आहे.

आपल्या किनाऱ्यालाही या छापील परंपरेचा धागा आहे. पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम 1875 मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर गेले आणि आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यांनी त्या सफरीचा वृत्तान्त दिला. 1942 मध्ये हुमायून अब्दुलअलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात याच बेटांवरचे सुरय पक्षी आणि पाकोळ्या यांच्यावर लिहिलं. आज त्या खडकांवर जाणाऱ्या अभ्यासकाला मागे वळून पाहायला हे दोन टप्पे आहेत. कोकणच्या बाकी किनाऱ्याबाबत जुनी नोंद शोधू गेलं तर हाती फार थोडं लागतं.

पावसाळ्यातल्या वादळांनंतर कोकणातल्या पुळणींवर थकलेले, कधी मेलेले बूबी, वादळी पाखरं, काळे सुरय येऊन पडतात. 2013 मध्ये प्रवीण जे., राजा जयपाल आणि आशीष पिट्टी यांनी ‘इंडियन बर्ड्‌स’ या नियतकालिकात भारतातल्या दुर्मीळ समुद्रपक्ष्यांच्या जुन्या-नव्या नोंदींची कसून छाननी केली. अशा छाननीत टिकते ती पुराव्याची नोंद: छायाचित्र, संग्रहातला नमुना किंवा जागीच लिहून ठेवलेलं बारीक वर्णन. पुळणीवर पडलेला पक्षी ज्याला प्रथम दिसतो, त्या रापणकऱ्याने किंवा शाळकरी पोराने मोबाइलवर चोच, पंखांची वरची आणि खालची बाजू, पाय यांचे फोटो काढले आणि गावाचं नाव, तारीख लिहून ते जवळच्या अभ्यासकाकडे पोचवले, तर छापण्याजोग्या टिपणाला लागणारा मुख्य ऐवज तेवढ्यात गोळा होतो.