चमच्याला बांधलेली चिठ्ठी

ज्ञात इंद्रियांच्या साहाय्यावाचून दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, दूरचे दृश्य पाहणे किंवा हात न लावता केवळ इच्छाशक्तीने वस्तू वाकवणे, अशा दाव्यांना अतींद्रिय शक्तींचे दावे म्हटले जाते. त्यांच्याबाबत विज्ञान घेत असलेली साशंक भूमिका म्हणजे सरसकट नकार नव्हे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि तो योगायोगाच्या व हातचलाखीच्या वाटा बंद करून मिळालेला असावा, एवढीच तिची मागणी असते. ती पुरी करण्यास विद्वत्ता पुरेशी नसते, हे अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट अल्फा’ या प्रकरणातून लख्खपणे दिसते.

विमाननिर्मिती क्षेत्रातील उद्योगपती जेम्स मॅक्डॉनेल यांनी १९७९ मध्ये सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाला अतींद्रिय संशोधनासाठी ५ लाख डॉलर दिले आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली प्रयोगशाळा उभी राहिली. प्रयोगांसाठी आलेल्या सुमारे ३०० अर्जांतून निवडले गेलेले स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स हे विशीच्या आतले तरुण मुळात हौशी जादूगार होते आणि जेम्स रँडी या व्यावसायिक जादूगाराच्या सल्ल्याने तेथे आले होते. हातचलाखी करता का, असे कोणी थेट विचारल्यास तत्काळ खरे सांगायचे, असे त्यांच्यात आधीच ठरले होते. दुसरीकडे रँडी यांनी फिलिप्स यांना पत्र लिहून घ्यावयाच्या ११ खबरदाऱ्या कळवल्या आणि विनामोबदला मदत देऊ केली; मात्र आपली व्यवस्था पुरेशी आहे, असा प्रयोगशाळेचा विश्वास होता.

प्रत्यक्षात काय घडत होते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रत्येक चमच्याला क्रमांकाची कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असे आणि प्रयोगाच्या आधी व नंतर त्याचा बाक मोजला जाई. एकाच वेळी अनेक चमचे टेबलावर मांडलेले असल्याने हे तरुण दोन चमच्यांच्या चिठ्ठ्यांची हळूच अदलाबदल करीत. चमचे मुळातच किंचित वेगवेगळ्या आकाराचे असल्याने दुसऱ्या मोजणीत दोन्ही चमच्यांचा बाक बदललेला भरे, आणि हा बदल मनःशक्तीचा परिणाम ठरे. स्टेपलरने बंद केलेल्या पाकिटातील चित्र ओळखायचे असल्यास पिना काढून, चित्र पाहून, त्याच भोकांतून त्या पुन्हा बसवल्या जात.

फिलिप्स यांना भोळे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या भौतिकशास्त्रात ते मुरले होते, त्यातील इलेक्ट्रॉन वा लोलक निरीक्षकाची पाठ वळण्याची वाट पाहत नाही; माणूस पाहतो, आणि लक्ष कोठे व कसे वळवावे हे जादूगाराइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच कळते. म्हणून अशा चाचणीच्या आखणीत जादूगाराला स्थान हवेच. १९८१ मध्ये रँडी यांच्या सूचनांनुसार नियम कडक झाले, तसे या तरुणांचे ‘चमत्कार’ ओसरत गेले. १९८३ च्या आरंभी पत्रकार परिषदेत सारा उलगडा झाला आणि पुढे दोन वर्षांत ती प्रयोगशाळा बंद पडली. संशोधकांना फसवणे नीतीला धरून होते का, हा त्या वेळी घेतला गेलेला आक्षेप गंभीर आहे. परंतु एका थेट प्रश्नाने उघड होईल अशी ही फसवणूक होती, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात याच शिस्तीची चाचणी फलज्योतिषाची झाली. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या सांकेतिक क्रमांक देऊन ज्योतिषांपुढे ठेवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे ज्योतिषांप्रमाणेच चाचणी घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते; दोन्ही बाजूंना उत्तर अज्ञात ठेवणाऱ्या या पद्धतीला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. प्रत्येकाला ४० कुंडल्या देण्यात आल्या. नाणे उडवूनही सरासरी २० उत्तरे बरोबर येतात, म्हणून कौशल्य मानण्यासाठी किमान २८ अचूक उत्तरांची अट होती. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या यशाची सरासरी ४६ टक्के भरली आणि सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ उत्तरे बरोबर निघाली.