यंत्राविरुद्ध फिर्याद

पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापुरापासून तेल्हारा-बाळापुरापर्यंतची ती काळी, कसदार आणि तरीही तहानलेली भूमी, ज्याने पाहिली आहे त्याला तेथील मूत्रपिंडविकाराची कथा नव्याने सांगावयास नको. गावकरी विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर उघड आरोप ठेवतात. वैद्यक अधिक सावध असून मधुमेह आणि रक्तदाब यांच्याकडे आधी बोट दाखविते. तो वाद येथे उकरीत नाही. माझे कुतूहल पुष्कळ वर्षे ज्यात गुंतून पडले आहे तो प्रश्न वेगळा आहे: अमरावती-अकोल्याच्या डायलिसिस-कक्षांत यंत्र ज्याचे रक्त नेमाने धुऊन देते, असा ऐन तारुण्यातला रुग्ण अखेरीस मूत्रपिंडाने न मरता हृदयाच्या झटक्याने का जातो? तिशीतल्या अशा रुग्णाला हृदयरोगाने मरण्याचा जो धोका असतो, तो सामान्य माणसाला जवळजवळ ऐंशीच्या घरात गाठतो.

या प्रश्नाचा मूळ दस्तऐवज सिॲटलचा आहे. तेथे 1960 च्या मार्च महिन्यात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या बोइंग कारखान्यातील कारागिराच्या हाताला टेफ्लॉनची नळी कायमची बसविली आणि मरणाच्या दारातून परत आणलेला हा गृहस्थ 11 वर्षे जगून 1971 साली हृदयविकाराने वारला. तीन वर्षांनी, 1974 मध्ये, लिंडनर, शारा, शेरार्ड आणि खुद्द स्क्रिब्नर यांनी 39 रुग्णांचा 13 वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते आणि त्यांपैकी 14 जणांचा मृत्यू धमनीकाठिण्याच्या खाती जमा झाला होता. दीर्घकाळच्या डायलिसिसने धमन्यांचा रोग वेगाने वाढतो, असा त्यांचा आरोप होता. आणि आपल्याच हाताने उभारलेल्या यंत्राविरुद्धच्या फिर्यादीवर त्याच्या जनकाने सही करावी, याला मी वैद्यकाच्या इतिहासातील दुर्मीळ सचोटी मानतो. पुढील संशोधकांनी मात्र हरकत घेतली की बिघडलेल्या धमन्या घेऊनच हे रुग्ण यंत्रापाशी येतात. हरकत बव्हंशी खरी ठरली, तरी यंत्र सर्वस्वी निर्दोष सुटले नाही.

कारण त्याच्या आधीच, 1968 साली, कॅप्लो आणि गॉफिनेट या दोघांनी एक चमत्कारिक नोंद करून ठेवली होती: डायलिसिस सुरू होताच काही मिनिटांत रुग्णाच्या रक्तातील श्वेतपेशींची एक मोठी फौज नाहीशी होते आणि थोड्या वेळाने परत हजर होते. ती जाते कोठे, याचा तपास मिनेसोटात क्रॅडॉक व जेकब यांच्या मंडळींनी 1977 मध्ये लावला. यंत्रातील सेलोफेनच्या पडद्याला रक्ताचा स्पर्श झाला की रक्तातील 'पूरक' प्रथिने चेतविली जातात आणि चिथावलेल्या पेशी फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांत दाटीने अडकून बसतात. शरीराचे रक्षक पडद्यालाच शत्रू समजून बसले होते! पुढे पॉलिसल्फोनसारखे सौम्य पडदे आले आणि हा प्रकार पुष्कळ कमी झाला. पण पेशींचा क्षोभ काही शमला नाही. मूत्रपिंडाने बाहेर न टाकलेली विषद्रव्ये, आतड्यांच्या भिंतीतून झिरपणारे जंतूंचे अंश आणि मानेतील कॅथेटरमधून शिरणारा संसर्ग त्याला अखंड इंधन पुरवीत राहतात. चेतलेल्या मोनोसाइट नावाच्या श्वेतपेशी धमनीच्या अस्तराला चिकटतात, आत शिरतात, मेदाने फुगतात आणि तेथेच ठाण मांडतात. फॉस्फेट साचून धमनीच्या मधल्या थरात चुनाही भरतो.

मेदाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रयत्नही झाला. जर्मनीत 1255 मधुमेही डायलिसिस-रुग्णांवर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधाची परीक्षा झाली आणि तिचा निकाल 2005 साली प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल चांगले उतरले, पण हृदयाचे आघात आणि मृत्यू यांच्या एकत्रित हिशेबात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याआधीच, 1999 मध्ये, स्टॉकहोमच्या पीटर स्टेनविंकेल यांनी कुपोषण, दाह आणि धमनीकाठिण्य यांची एकत्र गाठ दाखवून दिली होती. आता इंटरल्यूकिन-6 या दाहदूताला अडविणारी औषधे तपासली जात आहेत. त्यांच्याकडून मला अपेक्षा आहे. पण वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर माझा अधिक विश्वास 1974 च्या त्या सह्यांपैकी एका सहीवर आहे.

ती सही बर्नार शारा यांची. ते पुढे फ्रान्समधील लिऑंजवळच्या तासाँ या गावी गेले आणि तेथे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस आठ तास, सावकाश डायलिसिस आणि जेवणात मिठाचा कडक बंदोबस्त, असा जुन्या वळणाचा क्रम त्यांनी चालविला. बहुतेक रुग्णांची रक्तदाबाची औषधे सुटली आणि दीर्घायुष्याचे त्यांचे आकडे जगभर चर्चिले गेले. धडधाकट रुग्ण निवडले म्हणून हे यश, असे टीकाकार म्हणाले. त्या टीकेत तथ्य असेल. पण मिठाचा मुद्दा तिने खोडला गेला नाही.

आमच्याकडे मात्र परिस्थिती उलट आहे. कित्येक रुग्ण आठवड्यातून दोनदाच यंत्रावर येतात, हातातील धमनी शिरेला जोडून करावयाची फिस्टुला वेळेवर झालेली नसल्याने उपचाराचा आरंभ मानेतील कॅथेटरने होतो, आणि ताटात ठेचा-लोणचे असते ते असतेच. फिस्टुलाला पक्व होण्यास काही आठवड्यांची मुदत लागते. म्हणून ती यंत्राची वेळ येण्यापूर्वीच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूत्रपिंडाचे काम दाखविणारी रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी तालुक्याच्या गावीच वेळेवर व्हावी लागते. महात्मा फुले योजनेने डायलिसिसचा खर्च उचलला, हे उपकार थोडे नव्हेत. परंतु चार-चार तासांच्या पाळ्यांनी चालणाऱ्या कक्षात तासाँचे आठ तास आणावयाचे, तर त्याच यंत्रावर रुग्णांची संख्या निम्म्यावर येते. आणि उरलेल्या निम्म्यांना कोठे पाठवावे, याचे उत्तर शारा यांच्या आकड्यांत नाही.