पहारेकरीच फितूर होतो तेव्हा

डुकराचे नाव काढले की आपल्याकडे पुष्कळजण नाक मुरडतात. पण आसामच्या खेड्यात डुक्कर म्हणजे घराचे बचत खाते. शाळेची फी, आजारपण, लग्न. काही निघाले की एक जनावर विकायचे. सारी नोकरी बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला ही उपमा सहज सुचते. २०२० साली तिथल्या कित्येक घरांची ही खाती पाहता पाहता रिकामी झाली. 'आफ्रिकन स्वाइन फीवर' हा विषाणूजन्य ताप भारतात शिरला होता.

१९२१ मध्ये केनियातून या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिथली रानटी वॉर्टहॉग हा विषाणू बाळगूनही धडधाकट असतात; पाळीव डुक्कर मात्र बहुधा आठ-दहा दिवसांत दगावते.

रक्तात घडते ते मोठे विलक्षण आहे. विषाणू घुसतो तो मॅक्रोफेज पेशींत. जंतूंना गिळणे हे त्यांचे काम; म्हणजे चोराने पहारेकऱ्यालाच फितवावे, तसे. बिथरलेल्या या पेशी धोक्याची रसायने रक्तात सोडत सुटतात. त्या हलकल्लोळात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी पटापट मरतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना विषाणूने स्पर्शही केलेला नसतो! अफवेने सुस्थितीतली बँक बुडावी, त्यातलाच हा प्रकार. पुढे रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, डेंग्यूमुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या प्लेटलेट घसरतात, जागोजाग रक्तस्राव होतो. कान जांभळे पडतात, प्लीहा सुजून काळी पडते.

माणसाला हा रोग होत नाही. पण आपला संबंधच नाही, असेही नाही. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून वापरतात ते हेपरिन मुख्यत्वे डुकराच्या आतड्यापासून बनते. २०१८ मध्ये ही साथ चीनमध्ये पोहोचली, तेव्हा त्या औषधाच्या पुरवठ्याचीही चिंता निर्माण झाली.

रोगावर औषध नाही. लागणीच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली डुकरे, निरोगी असली तरी, मारावी लागतात. रक्तातलीच गोष्ट गावात पुन्हा घडते: न लागण झालेलेही जातात. मग धास्तावलेला माणूस आजार लपवून जनावर घाईने विकतो आणि साथ पुढच्या गावी पोहोचते. म्हणून नुकसानभरपाई वेळेवर हातात पडणे ही मेहेरबानी नव्हे. तो साथीवरच्या इलाजाचाच भाग आहे. ठेव सुरक्षित आहे असा भरवसा असला, की खिडकीपुढे कोणी धावत नाही.