मुद्दल पाण्यात, व्याज जाळ्यात
मत्स्यव्यवसायाला गणिताचा आधार

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर हे कपिला अर्थात काबिनी नदीच्या काठचे गाव. केरळमधील वायनाडच्या डोंगरांतून आलेल्या या नदीवर गावाच्या वरच्या अंगाला १९७४ मध्ये धरण पूर्ण झाले. सुमारे १९.५ अब्ज घनफूट क्षमतेचा हा जलाशय पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. पाण्याबरोबर माशांचे जगही दरवर्षी असे फुलते आणि आटते. अशा जलाशयातून किती मासे काढावेत, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र केवळ अनुभवावर सोडून भागत नाही. त्यासाठी गणिताची मदत घ्यावी लागते.

या गणिताचे मूळ बेल्जियन गणितज्ञ व्हर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेल्या लोकसंख्यावाढीच्या सूत्रात आहे. १९५४ मध्ये शेफर यांनी ते मासेमारीला लागू केले. बँकेच्या ग्राहकाला त्याचे मर्म सहज उमगेल. पाण्यातील माशांचा साठा हे मुद्दल, तर दरवर्षी होणारी वाढ हे व्याज. व्याजावर निर्वाह करावा, मुद्दलास हात लावू नये, हा व्यवहार येथेही लागू पडतो.

परंतु येथे एक महत्त्वाचा भेद आहे. बँकेत ठेव जितकी मोठी, तितके व्याज अधिक. पाण्यात अन्न आणि जागा मर्यादित असल्याने साठा पूर्ण भरला की वाढ थांबते. समजा, एखाद्या तलावात जास्तीत जास्त १०० टन मासे राहू शकतात आणि साठा ५० टन असताना वार्षिक वाढ २० टन होते. याच सूत्रानुसार साठा ८० टन असो वा २० टन, वाढ सुमारे १३ टनच भरते. म्हणजे निम्मा साठा राखला, तर उत्पन्न सर्वाधिक मिळते.

मात्र या सर्वाधिक उत्पन्नावर डोळा ठेवणे धोक्याचे असते. दुष्काळात साठा ३० टनांवर आला, तर वाढ १७ टनांच्या आत येते. तरीही २० टन काढण्याचा हट्ट धरला, तर साठा वर्षागणिक खालावत जाऊन अखेर संपुष्टात येतो. म्हणूनच ठरावीक टनांऐवजी साठ्याचा ठरावीक हिस्सा काढणे, तोही थोडा हात राखून, हे अधिक सुरक्षित ठरते.

जलाशयांत मत्स्यबीज सोडण्याचाही हिशेब असतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागतात. अपेक्षित उत्पादन १०,००० किलो, प्रत्येक माशाची वाढ एक किलो आणि जगण्याचे प्रमाण निम्मे धरल्यास २०,००० बोटुकली लागतील. कमी सोडल्यास पाणी वाया जाते. जास्त सोडल्यास मासे खुरटतात आणि बीजावरील खर्च बुडतो.

समुद्रात बीज सोडून तूट भरून काढता येत नाही. तेथे लहान मासे वाचवणे हाच मार्ग उरतो. मासा कोणत्या वयात पकडला असता एकूण उत्पन्न अधिक मिळते, याचे गणित बेव्हर्टन आणि होल्ट यांनी १९५७ मध्ये मांडले. जाळ्याचा आस किती असावा आणि किती लांबीपेक्षा लहान मासा धरू नये, असे नियम याच विचारातून येतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी निश्चित केली. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला, हेही उल्लेखनीय आहे.

गणित चुकल्यास काय घडते, याचा धडा कॅनडाने दिला आहे. उरलेले कॉड मासे मोजक्या ठिकाणी एकवटल्याने मोठ्या ट्रॉलरांना भरपूर मासळी मिळत राहिली आणि त्यावरून साठा मुबलक असल्याचा अंदाज बांधला गेला. अखेर १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली. प्रारूप त्यात भरलेल्या माहितीइतकेच विश्वासार्ह असते. म्हणून कोणत्या जाळ्यात, किती तासांत, कोणत्या आकाराची मासळी मिळाली, ही मच्छीमाराने ठेवलेली नोंद मोलाची ठरते.

बँकांसाठीही यात विचार करण्याजोगे आहे. अर्थतज्ज्ञ गॉर्डन यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले की, सर्वांना मोकळीक असलेल्या पाण्यात नफा दिसताच नवी नावे उतरत राहतात आणि शेवटी कोणालाच नफा उरत नाही. एका नावेसाठी दिलेले कर्ज सुरक्षित असू शकते. तशाच शंभर नावांची कर्जे मिळून मात्र सर्वांचीच परतफेड संकटात येते. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मच्छीमारांनाही मिळू लागली आहे. त्यामुळे कर्जप्रस्ताव तपासताना नावेची किंमत पाहावी, तसेच ज्या पाण्यात ती उतरणार आहे, त्यातील मुद्दल किती शिल्लक आहे, हेही विचारावे.

काबिनीचे पाणी दर पावसाळ्यात परत येते. माशांचे तसे नाही. पुढील हंगामासाठी पुरेसे मासे मागे ठेवले, तरच ते परततात. ते पुरेसे म्हणजे किती, याचे उत्तर शोधण्यासाठीच हे गणित आहे.