ठसा, कागद आणि मंगलकामना

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात वर्षातून चार वेळा मंगलकामनापत्रे तयार होतात : ३ जानेवारीस सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त, १४ एप्रिलला भीमजयंतीनिमित्त, वैशाख पौर्णिमेस आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी. वैशाख पौर्णिमा उन्हाळी सुट्टीत येत असल्याने त्या निमित्ताची पत्रे एप्रिलअखेर पूर्ण होतात आणि विद्यार्थी ती स्वतःच्या हातांनी घरी नेतात. उरलेली टपालाने जातात. माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशी पत्रे ट्रंकेत, ग्रंथाच्या पानांत जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. ही पत्रे कशी तयार होतात, त्यामागे कोणता इतिहास आहे आणि पालकांनी वेळोवेळी उपस्थित केलेल्या शंकांविषयी आमची भूमिका काय, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावे, असे आम्हांस वाटते.

ठशाचा इतिहास

छापील शुभेच्छापत्राची रीत तशी अलीकडची. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र करून घेतले. त्यावर हाताने रंग भरलेले होते आणि किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. पत्र पाठवण्याच्या खर्चाच्या बारापट किंमत मोजण्याची ऐपत श्रमिकांची नव्हती. आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि लिहिता येणाऱ्यास थोडक्या खर्चात गावी खुशाली कळवता येऊ लागली.

शुभेच्छापत्र असे नवे असले, तरी ठसा मात्र फार जुना आहे आणि त्याचा बौद्ध परंपरेशी निकटचा संबंध आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आणि नालंदा येथे मातीच्या लहान मुद्रा सापडल्या आहेत. त्यांवर प्रतीत्यसमुत्पाद सांगणारी गाथा साच्याने उमटवलेली आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने नोंदवून ठेवले आहे की, येथील भिक्खू आणि उपासक बुद्धप्रतिमा मातीवर, तसेच रेशमावर व कागदावर ठशाने उमटवीत. जपानमध्ये सम्राज्ञी शोतोकू हिने ७७० च्या सुमारास लाकडाचे दहा लक्ष छोटे स्तूप घडवून त्यांत छापील धारणी ठेवविल्या.

मुद्रणाच्या इतिहासात सर्वांत मोलाचे स्थान आहे ते 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता' या सूत्राच्या चिनी प्रतीला. लाकडी ठशांनी छापलेली ही सुमारे पाच मीटर लांबीची गुंडाळी दुनहुआंगच्या लेण्यांत सापडली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापल्याची तारीख स्वच्छ नोंदवलेले हे जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक; वर्ष ८६८. शेवटी वांग जी नावाच्या उपासकाची नोंद आहे. आपल्या आई-वडिलांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी हे सूत्र छापविले, असा तिचा आशय. आमचा विद्यार्थी जेव्हा ठसा उचलून घरच्यांसाठी पत्र छापतो, तेव्हा ही नोंद आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.

याच परंपरेचा आधुनिक धागा आपल्या चळवळीतही आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला. दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण प्रेस या नावाने तो आपणांस परिचित आहे. त्या काळी जुळारी शिशाचे उलटे खिळे एकेक करून जुळवीत, तेव्हा सुलट मजकूर उमटे. ठसा उलटा कोरावा लागतो, हे विद्यार्थ्यांना समजावताना खिळ्यांचे हे उदाहरण उपयोगी पडते.

कागदाची निवड

पत्रासाठी दोनशे ते अडीचशे जीएसएमचे कार्डशीट पुरे होते. ए-फोर आकाराचा कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. तो मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की एका कागदात दोन पत्रे होतात. यंत्रावर केलेल्या कागदात तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ बसते. आडवी घातली तर कडेला कागद फुटतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की कोणत्या बाजूने तो सहज वाकतो, हे बोटांना कळते. घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ ओढावी, मग घडी मोडावी.

सजावटीचा कागद विकत आणण्याची गरज क्वचितच पडते. जुन्या लग्नपत्रिका, जयंतीनंतर उरलेल्या पताका, भेटवस्तूंची वेष्टने एका खोक्यात जमा होतात. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. असा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. टाकून दिलेल्या चिंधीवर अक्षर उमटते, ही गोष्ट मुलांना फार भावते.

वरच्या वर्गातील विद्यार्थी अबरी कागद स्वतः करतात. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर दिसणारा हा नक्षीचा कागद. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या तंत्राने सुंदर चित्रे केली होती. पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तैलरंगाचे थेंब त्यावर सोडावेत आणि काडीने किंवा फणीने हलकेच रेषा ओढाव्यात. कागद एका कोपऱ्यापासून टेकवत न्यावा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. टर्पेंटाइनच्या वासामुळे व ते पेटते म्हणून हे काम उघड्या व्हरांड्यात, शिक्षकांसमोरच करावे.

बोधिवृक्षाच्या पानाची जाळी ही आणखी एक सजावट. पिंपळाची जून पाने दोन ते चार आठवडे पाण्यात भिजत ठेवावीत आणि पाणी अधूनमधून बदलावे. गर कुजून मऊ झाला की जुन्या दातब्रशने अलगद काढावा, पान धुवावे आणि टीपकागदात दाबून वाळवावे. घाई केल्यास जाळी फाटते. या एका कामातून मुलांना धीर जितका कळतो, तितका उपदेशाने कळत नाही.

ठसे करणे व उमटवणे

खालच्या वर्गांना बटाटा, भेंडी आणि दोरा गुंडाळलेला लाकडी ठोकळा एवढी साधने पुरतात. भेंडीच्या आडव्या कापाने पाच पाकळ्यांचे फूल उमटते. बटाट्याचा काप कापडाने कोरडा करून घ्यावा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग फुटतो. मधली मुले जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून आकार कापून ठोकळ्यावर चिकटवतात. मोठी मुले खोडरबरावर कोरतात. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचे, तो कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचा. चित्र रबरावर उलटे उतरते आणि छापताना आपोआप सुलट होते.

धम्मचक्राचा ठसा म्हणजे भूमितीचा उत्तम पाठ. आठ आऱ्यांचे चक्र असेल तर दोन आऱ्यांमध्ये ४५ अंश; अशोकचक्राच्या २४ आऱ्यांसाठी १५ अंश. धम्मलिपीतील 'धंम' हा शब्दही मुलांचा आवडता आहे. अशोकाच्या शिलालेखांत जोडाक्षर न करता तो असा लिहिलेला असतो. 'ध' ताणलेल्या धनुष्यासारखा, त्याच्याजवळ अनुस्वाराचा ठिपका आणि 'म' म्हणजे वर्तुळावर टेकलेली चंद्रकोर. ही लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडली आणि आपल्या महाराष्ट्रात नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, एवढा इतिहास या तीन खुणांसोबत मुले शिकतात.

रंगासाठी डब्याच्या झाकणात स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर घट्ट पोस्टर कलर पसरावा. ठसा स्पंजवर दाबू नये, नुसता टेकवावा. कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवल्या की दाब सारखा पडतो. पहिला ठसा नेहमी रद्दीवर घ्यावा. उमटवताना ठसा हलवू नये आणि सरळ वर उचलावा. सजावटीचा तुकडा कार्डापेक्षा सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान कापावा, मैद्याची खळ पातळ लावावी आणि पत्र रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावे. नाहीतर ओलाव्याने ते वाकडे होते. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत. तो विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. खळ रोज ताजी शिजवावी.

पालकांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न असा की, ज्यांच्या पूर्वजांवर हातकाम लादले गेले, त्यांच्या मुलांना शाळेत पुन्हा हातकाम कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. जातिव्यवस्था माणसाचा व्यवसाय जन्मापूर्वीच ठरवून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात दाखवून दिले. म्हणूनच आम्ही काही नियम पाळतो. ही पत्रे विकली जात नाहीत. त्यांना गुण नाहीत. अभ्यासिकेचा वेळ त्यासाठी घेतला जात नाही. आणि कोरणे, लिहिणे, रंगाची भांडी धुणे, खोली झाडणे ही सर्व कामे मुला-मुलींमध्ये पाळीपाळीने फिरतात. कोणतेही एक काम कोणा एकाचे होऊन बसू द्यायचे नाही, हाच यातला धडा आहे.

दुसरा प्रश्न एका पालक सभेत ऊसतोडणीला जाणाऱ्या माउलींनी विचारला. पाचवीतल्या मुलांनी निळ्या रंगात अंगठे बुडवून फुलांच्या पाकळ्या उमटवल्या होत्या. पत्र हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सर, आमच्या सासऱ्यानं जलमभर सावकाराच्या कागदावर अंगठाच उठवला. पोरीला हितं ठेवली ती अंगठा सुटावा म्हणून. आन् तुम्ही परत अंगठाच उठवायला शिकवताय व्हय?"

सभा शांत झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे वजन सांगावे लागत नाही. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला; १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. राज्यकर्त्यांना ठसा ही ओळख पटवण्याची सोय होती. गावच्या सावकाराला तो त्याहून सोयीचा होता, कारण अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपल्या वाडवडिलांनी अपमानासारखा सोसला आहे.

त्या सभेनंतर शिक्षकांत व वरच्या वर्गांत बरीच चर्चा झाली. अंगठ्याची फुले बंद करावीत, असे काहींचे मत होते. अखेर असे ठरले की, ज्या पत्रावर अंगठ्याचा ठसा असेल, त्यावरचा सर्व मजकूर त्याच मुलाने स्वतः रचून लिहावा आणि फुलाखाली शाईने पूर्ण नावाची सही करावी. ज्याला अंगठा नको असेल, त्याने भेंडी घ्यावी. पुढच्या सभेत त्या माउलींनी मुलीची सही बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "सही चांगली हाय. फुलाचं काय ते तुम्ही बघा." त्यांचा आक्षेप पूर्ण मिटला, असे आम्ही समजत नाही, तो मिटू नये, असेच आम्हांस वाटते. नियम त्यामुळेच टिकून आहे.

मजकूर आणि पत्ता

पत्राच्या आत काय लिहावे, याविषयी आमचा आग्रह एवढाच की तयार ओळी उतरवू नयेत. मोबाइलवर एकच चित्र शंभर जणांना क्षणात जाते. त्यात पाठवणाऱ्याचा एकही शब्द नसतो. आमची मुले 'सप्रेम जय भीम'ने सुरुवात करतात आणि पुढे निदान तीन वाक्ये स्वतःची लिहितात : एक घरच्यांविषयी, एक स्वतःविषयी आणि एक मंगलकामना. "आजी, तुझं गुडघ्याचं दुखणं कमी व्हावं" ही आम्ही वाचलेली सर्वांत चांगली मंगलकामना आहे. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांच्या पत्रावर चित्र मोठे असते आणि मजकूर शेजारच्या कोणी वाचून दाखवावा असा सुटसुटीत असतो. बाबासाहेबांचे चित्र पाकिटावर काढत नाहीत, आत काढतात, म्हणजे ते कुठे पायदळी येत नाही.

पाकिटावरचा पत्ता हा स्वतंत्र पाठ आहे. अनेक मुलांना आपला पूर्ण पत्ता प्रथम येथेच लिहावा लागतो : मु. पो., तालुका, जिल्हा आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे असलेला सहा अंकी पिनकोड. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते, हेही मुलांना सांगतो. पण वस्तीचे नाव लिहिताना पेन थांबते. गावात अजून तोंडी असलेले जातिवाचक नाव लिहावे की भीमनगर, समतानगर लिहावे? महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो आम्ही वर्गात समजावून सांगतो आणि नवे नावच लिहायला लावतो. पोस्टमनने ते नाव मोठ्याने वाचत वस्तीत यावे, हाही शिक्षणाचा भाग आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती साधी आहे. घरातील जुन्या लग्नपत्रिका व रंगीत कागद फेकू नका, वसतिगृहाकडे पाठवा. आणि आपणांस येथील एखाद्या मुलाचे पत्र आले, तर उत्तरादाखल चार ओळी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा. टपालाची पिशवी येते तेव्हा व्हरांड्यात मुले रांग लावून उभी असतात आणि ज्याचे नाव पुकारले जात नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहतो.

जय भीम! नमो बुद्धाय!