आपला आणि परका

१९२२ साली आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सेमुंडसन यांनी खोल समुद्रातल्या एका मोठ्या मादीचे वर्णन केले. जात सेरॅटियस होल्बोली. तिच्या पोटाला दोन चिमुकले मासे तोंडाने चिकटलेले होते. ही तिची पिल्ले, असे त्यांनी मानले. पण ती तिथे चिकटली कशी, हे त्यांना उलगडेना. तीन वर्षांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी याच जातीच्या मादीला चिकटलेला असा एक मासा चिरून पाहिला. तो नर निघाला.

सेमुंडसन यांच्या चुकीला मला हसू येत नाही. आईला बिलगलेले मूल सगळ्यांच्या ओळखीचे. मादीच्या अंगात मिसळून गेलेला नर तोवर कोणी ओळखलाच नव्हता.

ही मादी मीटरभराहून लांब वाढते. तिच्या डोक्यावर गळासारखा काटा असतो आणि त्याच्या टोकाशी प्रकाश देणारे जिवाणू. त्या उजेडाला भुलून भक्ष्य जवळ येते. नराजवळ असा गळ नाही. त्याला मादी गाठावीच लागते. तोवर तो वयातही येत नाही. काळोखात भेट दुर्मीळ, म्हणून ती झाली की तो मादीला चावा घेऊन धरतो आणि सोडतच नाही. दोघांची कातडी जुळते, रक्तवाहिन्या जोडल्या जातात. पुढे त्याचे पोषण तिच्याच रक्तावर होते.

इथे मला खरे कोडे दिसते. माणसात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर शरीर ते परके म्हणून नाकारते. ते टिकवायला आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. मग ही मादी अख्खा नर कसा स्वीकारते? २०२० साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे थॉमस बोम, अमेरिकेतले थिओडोर पीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या अनेक जातींची जनुके तपासली. नर तात्पुरता चिकटणाऱ्या जातींतही प्रतिपिंडांना धार लावणारे एक जनुक निकामी होते. नर कायमचा जोडला जाणाऱ्या काही जातींत तर परक्याला हेरणाऱ्या पेशी घडवणारी जनुकेच निकामी झाली होती. असा दोष घेऊन जन्मलेल्या माणसाच्या बाळाला साधा संसर्गही जिवावर बेततो. हे मासे मात्र जगतात. जन्मजात प्रतिकाराच्या दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने त्यांनी निभावून नेले असावे, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

शास्त्रीय ग्रंथांत या नराला ‘परोपजीवी’ म्हणतात. तो शब्द मला अपुरा वाटतो. घेणारा तो दिसतो खरा. पण त्याला सामावून घेण्यासाठी या कुळाने आपल्या संरक्षणाची भिंतच खाली उतरवली. ‘एकरूप होणे’ आपण सहज बोलून जातो. त्याला काय मोल पडते, ते या माशांच्या जनुकांत नोंदलेले आहे.