घरची बोली, शाळेची भाषा

अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा हे त्याचे तालुके. तिथे पुष्कळ घरांत कोरकू बोलतात. मध्य प्रदेश लागूनच, म्हणून बाजारात हिंदी चालते. आणि शाळेत भेटते मराठी. सहा वर्षांचं पोर आणि तीन भाषा!

हिंदी आणि मराठी या बहिणी-बहिणी. कोरकूचे कूळच निराळे. ती मुंडा कुळातली. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. म्हणून कोरकू पोराला मराठी आपोआप उमगत नाही. ते वर्गात गप्प बसते. मग कोणी म्हणतो, "याला डोकंच नाही." आईबाप घाबरतात. पोराला शाळेतून काढून गुरांमागे धाडतात. नाहीतर घरात कोरकू बंद करतात.

आम्ही म्हणतो, दोन्ही चूक.

गप्प पोर मठ्ठ नसते. ते ऐकत असते. नवी भाषा आधी कानात शिरते, मग जिभेवर येते. त्याला काही महिने लागतात.

घरची बोली बंद केली, तर काय होईल? आईला मराठी थोडीच येते. मग ती पोराशी कामापुरतेच बोलेल. गोष्टी, कोडी, झाडापाल्याची नावे, सारे थांबेल. पोराचे नुकसान होईल. ज्याला घरी वीस बकऱ्या मोजता येतात, त्याला मराठीत फक्त आकड्यांची नावे शिकायची असतात. मोजणे पुन्हा शिकावे लागत नाही.

मग आपण काय करावे?

रोज विचारा, "आज शाळेत काय नवं ऐकलंस?" उत्तर कोरकूत दिले तरी चालेल.

पोर चुकले तर हसू नका. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. पोर गोंधळणारच! बरोबर शब्द येत असेल, तर हळूच सांगा.

गुरुजींना भेटा. "आमच्या घरी कोरकू बोलतात," हे सांगा. दहा-वीस कोरकू शब्द त्यांनाही शिकवा.

१९५६ साली आपल्या राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. तेव्हा घरच्या बोलीची लाज कशाला?

पोराला मराठी यायलाच हवी. कचेरीत, दवाखान्यात ती लागते. पण त्यासाठी आईची भाषा सोडायला नको. नवी ओसरी बांधायची म्हणून कोणी जुनं घर पाडतं का?